साफ आवाजाचा जिलानी

फाटक्या आवाजाची मला किळस आहे. नुसता राग नाही, किळस. लग्नात कुणी शहाणा लाऊडस्पीकर वाढवून वाढवून खरखर करायला लागला की माझे दात आंबतात आणि पानावर वाढलेलं गिळवत नाही. लोक म्हणतात, सिद्धरामआप्पा, तुमचा धंदा मंडपाचा, तुम्हाला आवाजाचं काय पडलंय? पडलंय बाबा. लातुरात आणि आसपास मी जिथं जिथं मंडप घातला, तिथं तिथं आवाज जिलानीचा होता. कापड माझं, कर्णे त्याचे. अशा माणसाबरोबर जन्म काढल्यावर बाकीच्यांचा आवाज ऐकला की कुणीतरी कानात खरकटं ओतल्यासारखं होतं.

जिलानी मूळचा निलंग्याचा. पोरवयात हैदराबादला मामाकडं गेला, तिथं एका रेडिओच्या दुकानात हाताला चटके घेत घेत शिकला आणि लातूरला परत आला तो एक मशीन घेऊन. आमच्या धंद्यात अँप्लिफायरला मशीनच म्हणतात. हे मशीन त्यानं स्वतः जोडलेलं. मागं मोठे चार वॉल्व, पुढं छोटे दोन. वॉल्व म्हणजे काचेचे, दिव्यासारखे. बटण दाबलं की आतली तार हळूहळू लाल व्हायची, आणि ती नीट तापल्याशिवाय जिलानी कुणाला माईकला हात लावू द्यायचा नाही. मग तो पुढारी असो का नवरदेवाचा बाप. पुढं ट्रान्झिस्टरची मशीनं आली, हलकी, स्वस्त, बटण दाबलं की लगेच बोलणारी. जिलानीनं एकदा ऐकून नाक मुरडलं. म्हणाला, ‘‘पत्र्याच्या डब्यात मान घालून बोलल्यासारखं वाटतंय.’’ त्याचा वॉल्व जळाला की तो हैदराबाद गाठायचा, जुमेरात बाजारात भंगाराच्या ढिगात बसायचा आणि पंच्यात गुंडाळून नवा वॉल्व घेऊन यायचा. येताना एसटीत सीट मिळाली तरी तो वॉल्व मांडीवरून खाली ठेवायचा नाही.

माईकसमोर ‘हॅलो हॅलो’ करणाऱ्यांची त्याला चीड होती. त्याची तऱ्हा वेगळी. एक पितळी ताट आणि मूठभर ज्वारी. ताट माईकजवळ धरायचं आणि मुठीतून ज्वारी बारीक धारेनं सोडायची. सोडायचं काम माझं, ऐकायचं काम त्याचं. तो सगळ्यात लांबच्या कर्ण्याखाली जाऊन डोळे मिटून उभा राहायचा. ‘‘दाणा सुटा पाहिजे, सिद्राम,’’ म्हणायचा. ‘‘पोतं ओतल्यावानी झालं की समज, आवाज फाटला.’’ मग येऊन एखादं बटण केसभर फिरवायचा, पुन्हा जायचा. मंडपात बायका जमल्या, आचाऱ्याची भट्टी पेटली, तरी ह्याचं ज्वारीपुराण चालूच. मी कितीदा वैतागलोय. पण एकदा का तो ‘हाव’ म्हणाला, की त्या दिवशी आवाजाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती.

मुखेडला एका लग्नात तर ह्याच्या साफ आवाजानं घोटाळाच केला. माईक चालू होता, आणि जवळ उभा राहून नवऱ्याचा बाप व्याह्याबद्दल भावाच्या कानात काहीबाही बोलला. अगदी हळू. ते अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं, कुजबुजीतल्या श्वासासकट. मुलीकडची माणसं उठली, पाटावरची मुलगी रडायला लागली, आणि ज्याच्या तोंडून ते निघालं तो गडी जिलानीवर धावून आला. जिलानी जागचा हलला नाही. ‘‘माझ्या मशीनचं काय चुकलं? जे आत गेलं तेच बाहेर आलं,’’ म्हणाला. त्याला त्याचा केवढा अभिमान. घरी येताना एसटीत मला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून हसत होता.

तर असा हा माणूस. शाळा फारशी नाही, जमीन नाही, दोन खोल्यांचं घर, आणि सगळी इज्जत दोन कानांत. कीर्तन असो, उरूस असो, सिद्धेश्वराची जत्रा असो, मशीनवर जिलानीच. लातूर जिल्हा झाला तेव्हा मिरवणुकीच्या जीपवर कर्णे त्याचेच बांधलेले होते. काय तो दिवस. कमानी, गुलाल, भाषणावर भाषण. मी पण नाचलो, खोटं कशाला बोलू. नंतर हळूहळू कळलं की जिल्हा झाला म्हणजे पाट्या झाल्या. जिकडं बघावं तिकडं ‘जिल्हा’ लिहिलेली नवी पाटी, आणि खाली तीच धूळ, तेच डुक्कर. मग लागोपाठ पावसानं पाठ फिरवली. विहिरींनी तळ दाखवला, नळाला पाण्याऐवजी हवा यायला लागली, आणि गल्लीत टँकर सुरू झाले. टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास. चहात वास, वरणात वास, अंघोळ केली की अंगाला वास. असल्या दिवसांतसुद्धा सत्काराचे कार्यक्रम काही थांबले नाहीत. घशाला कोरड पडलेली माणसं मंडपात बसवून त्यांना विकासावर भाषणं ऐकवायची. मंडप माझाच होता, त्यामुळं मलाच सगळं ऐकावं लागायचं. वीट आला होता नुसता.

अशाच एका उन्हाळ्यात एके सकाळी टँकर आला. पाईप धरायला त्या दिवशी जिलानीची पाळी होती. शेजारणीची घागर भरली, वरून वाहायला लागली, आणि हा तसाच पाईप धरून दुसरीकडं बघत उभा. पाण्याची धार जमिनीवर. बायकांनी गलका केला, एकीनं त्याच्या हातातून पाईप हिसकावला. थेंब थेंब मोजायचे दिवस, आणि म्हाताऱ्यानं अर्धी घागर मातीत घातली. मी तिथंच होतो. मी म्हटलं, ‘‘अरे, लक्ष कुठाय तुझं?’’ तो ओशाळला. म्हणाला, ‘‘ध्यान न्हवतं रे.’’ त्याची बायको जन्नतबी दारात उभी होती. ती फणकाऱ्यानं म्हणाली, ‘‘ह्यांचं ध्यान कवाच नसतंय. मी काय बोलली की म्हणतात, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतीस. आता काय गल्लीला ऐकू जाईल असं बोलू का?’’ आम्ही सगळे हसलो. नवरा-बायकोचं भांडण समजून मी ते तिथंच सोडून दिलं.

पण कार्यक्रमात कर्णे किंचाळायला लागले होते. वक्ता ‘स’ म्हणाला की सुरी घासल्यासारखा आवाज यायचा. टाळ वाजले की मागं बसलेले कानावर हात ठेवायचे. जिलानी बारीक आवाजाचं, म्हणजे ट्रेबलचं, बटण पार शेवटपर्यंत फिरवून ठेवायचा. मी विचारलं तर म्हणायचा, व्होल्टेज न्हाई. माईक बदलला, त्याचा दोष. बोलणाऱ्याला बोलायची अक्कल न्हाई. ज्वारीचं ताट तर त्यानं बंदच करून टाकलं होतं. ‘‘ह्या व्होल्टेजवर काय डोंबल ऐकायचं?’’ म्हणायचा. मला वाटलं, मशीन म्हातारं झालं. कुणी नाव ठेवलं तर मी त्याच्या अंगावर जायचो. तुमच्या बापानं ऐकला होता का असा आवाज, म्हणायचो.

आणि अशात तो मन्मथ आला.

मन्मथ म्हणजे आमच्या चंद्रप्पा आडत्याचा धाकटा. बापाचं मोंढ्यात मोठं दुकान, कपाळाला विभूती, बोलणं मऊ. पोराला सिकंदराबादला इंजिनिअरिंगला ठेवलं. पोरगं परत आलं ते केस मानेपर्यंत वाढवून, गळ्यात इष्टलिंगाच्या जोडीला एक साखळी, आणि खांद्यावर विजेची गिटार. तिकडं होस्टेलात म्हणे रॉक आणि मेटल नावाचं संगीत ऐकायची पोरं. इथं आल्यावर त्यानं ऑर्केस्ट्रा काढला. चकाकणारे शर्ट घालून सिनेमाची गाणी म्हणायची, इथपर्यंत ठीक. पण मधेच ह्याची गिटार सुरू व्हायची. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा खरंच मळमळलं. मला वाटलं स्पीकरचा कागद फाटला. मी जिलानीला म्हटलं, अरे बघ, काहीतरी जळतंय. तर ते पोरगं हसून म्हणतं, ‘‘आप्पा, जळत न्हाई, तो तसाच पाहिजे.’’

तसाच पाहिजे. म्हणजे जी घाण काढण्यात जिलानीची हयात गेली, ती घाण ह्याला विकत पाहिजे.

आणि त्यासाठी त्यानं होस्टेलात बसून स्वतः एक मशीन केलं होतं. वॉल्वचंच. जिलानीला आधी बरं वाटलं, पोरगं वॉल्वचं काम करतंय म्हणून. त्यानं मागचं झाकण काढून आत बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. मन्मथ हौसेनं सांगत होता, ‘‘चाचा, एका वॉल्वनं वाढवलेला आवाज दुसऱ्यात घातलाय, दुसऱ्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा चौथ्यात. तिथं तो मावत न्हाई, म्हणून फाटतो. आणि हे बघा, दोन बटणं. हे फाडायचं, हे मोठा करायचं. आवाज लहान ठेवूनबी पाहिजे तेवढा फाडता येतो.’’

‘‘फाडायला येगळं बटण?’’ जिलानी म्हणाला. त्यानं झाकण लावलं, हात पंच्याला पुसले. ‘‘भरल्या तांब्यात घागर ओतून राहिला तू. सांडलं त्याला संगीत म्हणतो का?’’

पोरगं काही वाईट नव्हतं, हे मी आत्ता सांगतोय. तेव्हा मला ते डोळ्यासमोर नको होतं.

ऑगस्टात जिल्ह्याचा वाढदिवस ठरला. पाऊस नाही, पेरण्या गेलेल्या, आणि वाढदिवस. समितीचे अध्यक्ष चंद्रप्पा. मंडप माझा, आवाज जिलानीचा, भाषणं झाली की मन्मथचा ऑर्केस्ट्रा. मन्मथचं म्हणणं, गिटार त्याच्याच मशीनमधून वाजणार, त्याच्यासमोर माईक ठेवायचा आणि ते कर्ण्यांतून मैदानभर सोडायचं. जिलानी म्हणाला, ‘‘माझ्या कर्ण्यातून ते जाणार न्हाई. मी मेल्यावर घाला.’’

चंद्रप्पांनी मला दुकानात बोलावलं. चहा मागवला. मऊ आवाजात म्हणाले, ‘‘सिद्धरामआप्पा, तुमचे दोस्त आहेत म्हणून तुमच्या कानावर घालतो. समितीतले लोक म्हणून राहिले, जिलानीचा आवाज आता पहिल्यासारखा राहिला न्हाई. नांदेडचा एक माणूस बघून ठेवलाय त्यांनी. ह्या वेळी जिलानी अडून बसला, तर मशीनवरून तो कायमचा उठला समजा. मला ते नको आहे.’’ मला त्यांच्या मऊपणाचीच शिसारी आली. तोंडावर ‘चाचा’ आणि मागं नांदेडचा माणूस. पण खोटं बोलत नव्हते ते. मशीनवरची खुर्ची गेली तर जिलानी उरतो किती? घरात बसून जन्नतबीच्या पुटपुटण्यावर चिडणारा एक म्हातारा. मी म्हटलं, ‘‘सगळी मशीनं माझ्या गोदामात आणा. जिलानी ऐकेल. तो म्हणेल तेच मशीन, तो म्हणेल तसं. त्याच्या कानावर तर कुणाचा आक्षेप न्हाई ना?’’ चंद्रप्पा म्हणाले, नाही. जिलानीला मी नांदेडच्या माणसाचं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘येतो. ऐकतो. कान तर माझेच हायेत.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या अंगणात तीन मशीनं मांडली. एक जिलानीचं. दुसरं मन्मथनं सिकंदराबादहून आणलेलं, कुठल्या तरी विलायती मशीनवर बेतलेलं. तिसरं ते होस्टेलातलं. मन्मथ गिटार घेऊन खाटेवर बसला, चंद्रप्पा खुर्चीवर, जिलानी उभा.

पहिल्यांदा जिलानीच्या मशीनवर वाजवलं. मन्मथ म्हणाला, ‘‘हे लई गोड आहे, चाचा. हळू वाजवलं की साफ, जोरात हाणलं की जरासं खरखरतं, हात उचलला की परत साफ. जुन्या धाटणीच्या रॉकला ह्याच्यासारखं न्हाई. पण मला मेटल वाजवायचंय. त्याला हे पुरत न्हाई.’’ जिलानी म्हणाला, ‘‘खरखरलं ते तू हाणलं म्हणून.’’

मग विलायती धाटणीचं. त्याचा आवाज पुढं पुढं येणारा, भुंकल्यासारखा. फाटायचा, पण आतली एकेक तार वेगळी कळायची. फक्त ते फाटण्यासाठी बटण टोकाला न्यावं लागायचं, आणि तेव्हा माझ्या गोदामाचे पत्रे थरथरायचे. शेजारच्या किराणावाल्यानं भिंतीवरून डोकं वर काढून शिवी दिली. बरोबरच दिली त्यानं.

आणि शेवटी ते तिसरं. ते चालू केलं की वाजवायच्या आधीच फुसफुसायचं, दुष्काळातल्या नळासारखं. मन्मथनं जाड तारा तळव्यानं दाबून वाजवल्या, तर धप् धप् धप्, कुणी आपल्या छातीत कुदळ मारतंय. मग एकच बारीक तार छेडली, तर तिचा आवाज संपेचना. लांबतच गेला, किंकाळीसारखा. तीन-चार तारा एकदम वाजवल्या तर नुसती खिचडी, काय वाजतंय तेच कळेना. ते मन्मथनं कबूल केलं. म्हणाला, ‘‘एवढ्या फाटण्यात दोनच तारा चालतात, जास्त न्हाई. पण बघा आप्पा, हळू वाजवलेलंबी किती मोठं होऊन येतं. ह्याच्यात काही लपत न्हाई.’’ मी म्हटलं, घाण कधी लपते का?

जिलानीनं तिन्ही ऐकली. तोंड कडू औषध घेतल्यासारखं. ‘‘वाजवणं मला कळत न्हाई,’’ तो म्हणाला, ‘‘मला मशीन कळतं. सिद्राम, ताट आण.’’

मला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी त्यानं ताट मागितलं होतं. माईक गोदामाच्या आतल्या खोलीत लावला, दार लोटलं, कर्णा अंगणात पार टोकाला. त्याच्याखाली जिलानी डोळे मिटून उभा. आधी त्याचं स्वतःचं मशीन. मी आत बसून ज्वारी सोडली. पितळेवर दाणे टणटण पडत होते, आणि बाहेर कर्ण्यातून तेच येताना मलाही दाराआडून ऐकू येत होतं. मूठ संपली. बाहेरून जिलानी ओरडला, ‘‘सोड की ज्वारी.’’

मी म्हटलं, ‘‘सोडली की.’’

‘‘वायर निघाली असंल बघ. नुसतं काहीतरी घुमून राहिलं.’’

मी वायर बघितली. ठीक होती. पुन्हा मूठ भरून सोडली. चंद्रप्पा अंगणातून म्हणाले, ‘‘पडतेय की ज्वारी, चाचा. छान ऐकू येतेय.’’ जिलानी कर्ण्याच्या अजून जवळ सरकला. मग म्हणाला, ‘‘दुसरं लावा.’’

दुसऱ्यावरही तेच. मी सोडतोय, तो थांबलाय. मी दाराच्या फटीतून बघितलं, तर मन्मथ गिटार बाजूला ठेवून जिलानीकडं टक लावून बघत होता.

तिसरं लावलं. मी ताटावर चार दाणे टाकले असतील नसतील, बाहेर खडी फोडायचं यंत्र सुरू झाल्यासारखा आवाज झाला. ताट सगळं मिळून किंचाळत होतं, खालून फुसफुस, मधेच शीळ. चंद्रप्पांनी कानात बोटं घातली. अंगणातलं कुत्रं पळालं. मला ते सहन होईना, मी ताट टाकून बाहेर आलो.

जिलानी कर्ण्याखाली उभा होता. डोळे मिटलेले, तोंडावर हसू. त्यानं हात वर केला.

‘‘हे,’’ तो म्हणाला. ‘‘हे साफ हाय. दाणा न् दाणा.’’

त्यानं डोळे उघडले. आधी चंद्रप्पांकडं बघितलं, त्यांची बोटं अजून कानातच होती. मग माझ्याकडं.

‘‘सिद्राम, तुला कसं वाटलं?’’

लातुरात एकच माणूस असा होता की ज्याच्याशी आवाजाबद्दल मी आयुष्यात खोटं बोललो नव्हतो. मी म्हटलं, ‘‘घाण.’’

मन्मथ हळूच पुढं आला आणि त्याच्या तोंडासमोर उभा राहून म्हणाला, ‘‘चाचा, बारीक आवाज जातात वयानं. कर्ण्याजवळ राहून लवकर जातात. जाडे राहतात. म्हणून आम्ही बोललेलं तुम्हाला कळतं, ज्वारी कळत न्हाई. माझं मशीन सगळंच मोठं आणि खरबरीत करतं, म्हणून ते पोचलं.’’

जिलानी खाटेवर बसला. पंचा मांडीवर घेतला. मला वाटलं रडेल. पण तो चिडला होता, आणि असा चिडलेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

‘‘मंजे जत्रेत आवाज फाटत होता,’’ तो म्हणाला. ‘‘कीर्तनात फाटत होता. उरसात फाटत होता. लोक कानावर हात ठेवायचे ते ह्याच्यासाठी. आन मी बटन वाढवून राहिलो. आन तुमी सगळे माना डोलवत बसले? एकानंबी सांगितलं न्हाई?’’

‘‘मला वाटलं मशीन म्हातारं झालं,’’ मी म्हटलं.

‘‘असू द्या चाचा,’’ चंद्रप्पा मऊपणे म्हणाले. ‘‘एवढं काय मनावर घ्यायचं? थोडं इकडंतिकडं चालतंय. तुम्हीच बसा मशीनवर.’’

‘‘चालतंय,’’ जिलानी म्हणाला, आणि बाजूला थुंकला. ‘‘चालतंय म्हनूनच ही गत. लोकांच्या कानात मी गटार सोडलं, चालतंय. थू. मला माझीच किळस येऊन राहिली, चंद्रप्पा, आन तुमची त्याच्याहून जास्त. नांदेडवाल्याला बोलवा. न्हाईतर ह्या पोराला बसवा, ह्याला निदान फाटकं आन साफ येगळं कळतंय. मी न्हाई बसत.’’

तो उठला आणि घरी गेला. मशीन तिथंच राहिलं. नंतर मी जन्नतबीला सगळं सांगितलं, तेव्हा ती चुलीपुढं बसून होती. लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, ‘‘आन मी रोज भांडली त्यांच्यासंग.’’

वाढदिवसाला मशीनवर मन्मथ बसला. जिलानीनंच त्याला बारीकसारीक सांगितलं होतं, वॉल्व किती तापू द्यायचे, कुठला कर्णा कुणीकडं वळवायचा. सांगताना त्यानं एकदाही बटणाला हात लावला नाही. भाषणं झाली, तीच ती, विकास, अभिमान, अस्मिता. आवाज मात्र साफ, काय सांगू. पुढाऱ्याच्या घशात अडकलेला कफसुद्धा मैदानभर ऐकू गेला. जिलानी सगळ्यात मागं, माझ्या मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून बसला होता. त्याला ह्यातलं काय पोचत होतं कुणास ठाऊक. लोक येता-जाता त्याला सलाम करत होते, तो मान हलवत होता. मला ते बघवत नव्हतं.

दुपार कलायला आली आणि ऑर्केस्ट्रा सुरू झाला. दोन गाणी बरी गेली. मग मन्मथनं मशीनवर दुसऱ्या कुणाला बसवलं, स्वतः गिटार गळ्यात घातली आणि ते होस्टेलातलं मशीन चालू केलं. पुन्हा तेच. कुदळ, किंकाळी, खिचडी. पुढं बसलेल्या बायका पोरांना घेऊन उठल्या. पाहुणे घड्याळं बघायला लागले. कॉलेजची पोरं तेवढी धुळीत नाचत होती. मला ओकारी यायची बाकी राहिली होती. मी जिलानीकडं वळलो, म्हटलं चल बाबा, घरी जाऊ. तर खांबापाशी तो नव्हता.

शोधत शोधत स्टेजपाशी आलो. तो स्टेजच्या कडेला, मन्मथच्या स्पीकरच्या पेटीसमोर, हातभर अंतरावर मांडी घालून बसला होता. मन्मथ वाजवता वाजवता त्याच्याकडं बघत होता. तिथं उभं राहणंसुद्धा कठीण, माझ्या छातीच्या फासळ्या हलत होत्या. मी त्याच्या दंडाला धरलं, तोंडासमोर वाकून ओरडलो, ‘‘ऊठ. काय करतोय इथं? घाण आहे ही.’’

‘‘घाण हाय,’’ जिलानी म्हणाला. ‘‘लई घाण हाय. पन तारंवर त्याचं बोट घासलेलं ऐकू येऊन राहिलं मला. बसू दे जरा.’’